बियाण्याची परीक्षा आणि द्विपद चल

भोर आणि वेल्हें हा सह्याद्रीच्या कुशींतला भाताचा मुलूख. उन्हाळ्याच्या अखेरीस राब भाजून झाले कीं येथील शेतकऱ्याचें लक्ष घरांत राखलेल्या बियाण्याकडे वळतें. तें नीट उगवलें नाहीं तर रोप विरळ होतें. आणि लावणीच्या ऐन घाईंत शेजाऱ्याकडे मागावें, तर त्याच्यापाशींहि आपल्या खाचरांपुरतेंच असतें. म्हणून जाणता शेतकरी पेरणीपूर्वीं कांहीं दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवतो, आणि सुमारें आठवड्यानें किती दाण्यांस मोड आले तें मोजतो. ह्या साध्या मोजणींत संख्याशास्त्रांतील एक मूलभूत कल्पना आहे. तिला द्विपद यादृच्छिक चल म्हणतात.

चल म्हणजे बदलणारी संख्या. जिची नेमकी किंमत आधीं सांगतां येत नाहीं, परंतु प्रत्येक किंमतीची संभाव्यता सांगतां येते, ती यादृच्छिक. अशी संख्या द्विपद ठरण्यास चार अटी लागतात. दाणे किती घ्यावयाचे तें आधींच ठरलेलें असावें. प्रत्येक दाण्याचें फळ दोहोंपैकीं एकच असावें, उगवला अथवा न उगवला. उगवण्याची संभाव्यता प्रत्येक दाण्यास सारखीच असावी. आणि एका दाण्याच्या उगवण्या-न-उगवण्याचा दुसऱ्यावर परिणाम होऊं नये.

आतां एक उदाहरण घेऊं. भारतांत प्रमाणित भातबियाण्याची उगवण शेंकडा ८० हून कमी असूं नये असा दंडक आहे. समजा, एका शेतकऱ्याचें बियाणें नेमकें तितकें चांगलें आहे, आणि त्यानें दहा दाणे परीक्षेस घेतले. आठच उगवतील काय? दोन दाणे न उगवण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. पहिला आणि दुसरा, पहिला आणि सातवा, चौथा आणि नववा, असे एकंदर ४५. प्रत्येक प्रकाराची संभाव्यता म्हणजे ०.८ हा आठ वेळां आणि ०.२ हा दोन वेळां घेऊन केलेला गुणाकार. त्यास ४५ नीं गुणलें असतां सुमारें ०.३० येते. म्हणजे अशा शंभर परीक्षांत आठ हें उत्तर सुमारें ३० वेळांच येईल. ह्याच रीतीनें दहा दाणे सुमारें ११ वेळां, नऊ २७ वेळां आणि सात २० वेळां उगवतील. उरलेल्या १२ वेळां सहा किंवा त्याहूनहि कमी.

हे ४५ प्रकार मोजण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’ ग्रंथांत, सहा रसांपैकीं एक, दोन, तीन असे रस एकत्र केल्यास किती मिश्रणें होतील, असें उदाहरण आहे. त्याची रीत आणि दाणे मोजण्याची रीत एकच.

ह्या हिशेबाचा व्यवहारांतील अर्थ मोठा आहे. दहांपैकीं सहाच उगवले म्हणून बियाणें टाकून देणारे शंभरांत बारा शेतकरी चांगलें बियाणें टाकून देतील. उलट, ज्या बियाण्याची खरी उगवण शेंकडा ६० आहे, त्याचेहि दहांपैकीं आठ किंवा अधिक दाणे शंभरांत सुमारें १७ वेळां उगवून दाखवितील, आणि शेतकरी निश्चिंत मनानें तें पेरील. दहा दाण्यांची साक्ष दोन्ही बाजूंनीं अशी अपुरी आहे.

शंभर दाणे घेतले तर मात्र चित्र पालटतें. चांगल्या बियाण्याचे सरासरी ८० उगवतात, आणि शंभरांतून पंचाण्णवांहून अधिक वेळां ती संख्या ७२ ते ८८ च्या दरम्यान राहते. साठ किंवा त्याहून कमी उगवण्याचा योग लाखांत एकदांहि येत नाहीं. परीक्षा वाढवीत गेल्यास दिसणारें प्रमाण खऱ्या प्रमाणाजवळ येतें, हें याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञानें सिद्ध केलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ सालीं प्रसिद्ध झाला.

परंतु अटी सुटल्या कीं हा सारा हिशेब ढासळतो. पोत्याच्या तळाशीं ओल लागली असेल आणि दाणे केवळ वरूनच घेतले, तर तळच्या दाण्यांविषयीं परीक्षा कांहींच सांगत नाहीं. म्हणून वरून, मधून आणि तळांतून मूठमूठ घेऊन, मिसळून, मग न निवडतां शंभर मोजावे. गोणपाटांत दाणे एकमेकांस चिकटले तर एकाची बुरशी दुसऱ्यास लागते आणि चौथी अट मोडते. म्हणून दहा-दहांच्या ओळी सुट्या मांडाव्या.

चौथ्या अटीचें मोल वेल्ह्याच्या पावसांतहि दिसतें. श्रावणांतील दहा दिवसांपैकीं पावसाचे दिवस किती, ही संख्या दाण्यांच्या संख्येसारखीच भासते. पण ती द्विपद नव्हे. झड लागली कीं आज पडलेला पाऊस उद्यांहि पडण्याचा संभव वाढतो, आणि उघडीप पडली कीं तीहि कांहीं दिवस टिकते. दाणे एकमेकांस विचारून उगवत नाहींत. पावसाचे दिवस मात्र एकमेकांचा हात धरून येतात. सूत्रांत आंकडे घालण्यापूर्वीं ह्या चार अटी तपासणें हाच विद्यार्थ्याचा खरा अभ्यास होय. शेतकऱ्याच्या बाबतींत हिशेब सोपा आहे: आणखी नव्वद दाणे आणि आठवड्याची सवड. रोप टाकण्यापूर्वीं इतकें करणें कोणासहि अवघड नाहीं.