जुने संकेतस्थळ, नवे नियम
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मंडळाच्या संकेतस्थळाचा जीर्णोद्धार करण्याचे काम कार्यकारिणीने गतवर्षी माझ्याकडे सोपविले. मी केंद्र सरकारचा सेवक. जुन्या फायली हाताळण्याची सवय, एवढ्याच पात्रतेवर ही निवड झाली असावी. पंधरा दिवसांत काम उरकीन, असे आश्वासन मी दिले होते. त्यास आठ महिने लागले. या विलंबाची हकीकत आपणांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

२००३ साली आपल्यातीलच एका उत्साही तरुणाने हे संकेतस्थळ उभारले. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोष्टकात कोष्टक बसवून पानांची मांडणी केलेली होती. संगणकाच्या रुंद पडद्यावर ती शोभत असे. मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी दिसू लागली. मुखपृष्ठावरील तेवती समई फ्लॅशमध्ये होती. २०२० च्या अखेरीस फ्लॅशच बंद झाले आणि समईच्या जागी रिकामा चौकोन उरला.

खरी अडचण मात्र मजकुराची होती. त्या वेळच्या अनेक मराठी फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असत. फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवी. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडे आणि निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. दिवंगत सभासदांची नामावली अशीच वाचेनाशी झाली होती. ती युनिकोडमध्ये आणू लागलो, तो नवेच संकट! जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाआधी टंकित होई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. त्यामुळे ‘स्मिता’मधील वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली, आणि ‘कऱ्हाड’मधला आपला खास मराठी अर्धा ‘र’ तर नाहीसाच झाला.

कंटाळून मी बैठकीत सुचविले, की जुने सारे काढून टाकावे. तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ भगिनी, ज्यांची दृष्टी आता गेली आहे, एवढेच म्हणाल्या, “नवे खुशाल करा, पण आमच्या यांचे नाव त्यात राहू द्या.” मोबाइल त्यांना मजकूर वाचून दाखवितो, पण त्या नामावलीपाशी येताच तो ए, बी, सी बडबडू लागे. मी खजील झालो. जुनी इतिवृत्ते काढून आम्ही प्रत्येक नाव हाताने पडताळले. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद केली आणि चित्रांना शब्दांत वर्णने जोडली.

गेल्या महिन्यात बाईंनी ती नामावली ऐकली. यंत्राचा उच्चार कोरडाच होता. तरीही एका नावापाशी त्यांनी ते पुन्हा ऐकविण्यास सांगितले.

काम संपलेले नाही. पहिल्या गणेशोत्सवाच्या छायाचित्रांतील कित्येक चेहऱ्यांना अद्याप नावे नाहीत. ज्यांना ते ओळखता येतील, त्यांनी आज जाण्यापूर्वी मला अवश्य भेटावे. नियम पुन्हा बदलतील, संकेतस्थळही पुन्हा बदलावे लागेल. पण आज न लिहिलेले नाव उद्या कोणत्याही यंत्रास सापडणार नाही. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.