कापडाचे विमान

(मंडळाच्या वर्धापनदिनी शिवणवर्गाच्या शिक्षिकेने केलेले भाषण)



शिवणवर्गाच्या बाईने विमानावर बोलावे, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळजणींना हसू आले असेल. मला विमान चालविता येत नाही, आणि उंच गच्चीच्या कठड्याशीही मी फार वेळ उभी राहत नाही. तरी हा विषय मी मागून घेतला. कारण विमानाची एक जात अशी आहे की तिचे पंख अजूनही सुईदोऱ्याने शिवावे लागतात. अशी जुनी लहान विमाने हौसेने दुरुस्त करून उडविणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. आपल्याकडे मात्र ती सुई धरणारे हात फार थोडे उरले आहेत.

विमान आपल्या भागाला अगदी परके आहे असेही नाही. आपल्या शेजारी, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळीस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी केली. त्या जमिनींचे दुःख अजून मिटलेले नाही. जून २०१७ मध्ये तिथे केवढे आंदोलन पेटले ते आपण सर्वांनी पाहिले. आणि दुसरा धागा आपल्या उल्हासनगरच्या सिंधी भगिनींचा. त्यांच्या घरची वडील माणसे फाळणीनंतर कराचीहून, सिंधमधून आली आणि इथल्या लष्करी छावणीच्या बराकींतून राहिली. हिंदुस्थानातील सर्वांत प्रसिद्ध लहान विमान त्याच कराचीहून निघाले होते.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेतल्या आणि एकट्याने, अहमदाबादमार्गे, मुंबईस जुहूला आणल्या. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. विमानाचे नाव ‘पस मॉथ’. मॉथ म्हणजे आपला दिव्यावर झेपावणारा पतंग. ही विमाने करणारे डी हॅविलंड यांना कीटकांचा अभ्यास करण्याची आवड होती, म्हणून त्यांनी घराणेच्या घराणे पतंगांच्या नावाने सजविले: जिप्सी मॉथ, टायगर मॉथ, लेपर्ड मॉथ. पस मॉथ आणि लेपर्ड मॉथ यांचे पंख मागे दुमडून ठेवता येतात, त्यामुळे बेताच्या जागेतही ती मावतात.

ह्या विमानांची बांधणी ऐकाल तर आपल्याच घरातील सामान आठवेल. टायगर मॉथच्या धडाला पोलादी नळ्यांचा सांगाडा. पंखांत स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाच्या लांब तुळया आणि त्यांवर ओळीने फासळ्या. लेपर्ड मॉथचे धडही लाकडी. वरून सगळीकडे कापड. पूर्वी ते आयर्लंडकडचे तागाचे नाहीतर घट्ट विणीचे सुती असे. आता बहुधा पॉलिएस्टर वापरतात, आणि ते ताणून बसविण्यासाठी, ऐका हं, इस्त्री फिरवितात! साधी कपड्यांची इस्त्री. फक्त तिची उष्णता आधी उष्णतामापकाने तपासून घ्यावी लागते, कारण जास्त तापली तर कापड सैल पडते. आपल्या घरी पॉलिएस्टरची साडी इस्त्रीखाली आखडली तर आपण कपाळावर हात मारतो. तिथे तेच काम हवे असते.

सुती कापड ताणण्यासाठी ‘डोप’ नावाचे रोगण लावतात. वास नखांना लावावयाच्या रंगासारखा. ते सुकू लागले की कापड आवळते आणि मृदंगाच्या पुडीसारखे वाजते. वरचे हात ॲल्युमिनियमची पूड घातलेल्या रुपेरी डोपचे, कारण कापडाचा खरा वैरी ऊन. पण हात फार देऊनही चालत नाही. रंगाचे वजन होते, आणि शेपटीकडे वजन वाढले की विमानाचा तोल बिघडतो.

आता टाक्याकडे येते. पंखाच्या वरून हवा जाते तेव्हा ती वरचे कापड ओढून घेते. कापड फासळीपासून सुटून फुगले तर पंखाचा आकार जातो, आणि आकारावरच तर विमान तरंगत असते. म्हणून गादीवाला जसा दाभण आरपार घालून गादीला टाके घालतो, तशी लांब सुई पंखाच्या वरून खाली आणि खालून वर काढून, मेण लावलेल्या दोऱ्याने कापड फासळीला जखडतात. दोन टाक्यांमधले अंतर ठरलेले, साधारण दोनतीन इंचांचे. पंख्याचा झोत जिथे लागतो तिथे टाके जवळजवळ. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ, म्हणजे एक तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. मग टाक्यांवरून कापडाची पट्टी चिकटवितात, तिची कड करवतीदार कात्रीने कापलेली. ते का, हे वर्गातल्या मुलींना सांगावे लागणार नाही. आपण दोरे निघू नयेत म्हणून ती कात्री वापरतो, तिथे शिवाय कड घट्ट चिकटावी म्हणून.

पहिल्या महायुद्धात विलायतेतील विमानांच्या कारखान्यांतून हे शिवणकाम बायकांनीच केले. त्यांची नावे कुठे लिहिलेली नसतात, वैमानिकांची असतात.

कापड दिसते तरी; लाकडाचे दुखणे दिसत नाही. जुन्या लाकडी विमानांचे सांधे केसीनच्या सरसाने जोडलेले असत. केसीन म्हणजे दुधातले, ज्याचे पनीर होते तेच. कोरड्या हवेत हा सरस चांगला टिकतो. पण त्याला ओल लागली की बुरशी धरते आणि सांधा आतून सुटतो; बाहेरून रंग तसाच चकचकीत! आषाढात आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे त्या सांध्यांची काय कथा! जुहूची धावपट्टीसुद्धा त्या काळी चिखलाची, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी. तेवढे महिने टाटांना आपली विमानसेवा पुण्यास न्यावी लागे. म्हणून जुने विमान हाती आले की रंग देण्याची घाई करावयाची नसते. कापड सोलून काढावयाचे, आणि माठ घेताना आपण टिचकी मारतो तसा एकेक सांधा ठोकून आवाज ऐकावयाचा. बद्द वाजला तर उघडावयाचा. नवे सांधे आता रासायनिक सरसाने करतात. आणि केलेले प्रत्येक काम परवानाधारक अभियंत्याने पाहून सही केल्याशिवाय विमान जमीन सोडू शकत नाही. ही कागदपत्रे हौशी माणसाला फार जाचतात असे ऐकते. मला मात्र ती सही पटते. आत बसणाऱ्याची आई, बायको किंवा लेक खाली उभी असते.

इंजिनाचे मी थोडक्यात सांगते, कारण तो माझा प्रांत नव्हे. जिप्सी मेजर हे चार नळकांड्यांचे, १३० अश्वशक्तीचे आणि उलटे टांगलेले. त्यातून तेल ठिबकतच असते. हौशी लोक म्हणतात, ठिबकायचे थांबले तर टाकीतले तेल संपले समजावे. टायगर मॉथ सुरू करण्यास बटण नाही, पुढे उभे राहून पंखा हाताने फिरवावा लागतो. चाकांना ब्रेकही नाहीत. फिरविणारा आणि बसणारा यांनी एकमेकांचे शब्द नीट ऐकले पाहिजेत.

ह्या हौसेतला भाऊबंदपणाही सांगण्याजोगा आहे. १९२९ साली आगाखानांनी इंग्लंड ते हिंदुस्थान एकट्याने उडून जाणाऱ्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस लावले. जे. आर. डी. इकडून तिकडे निघाले होते, तरुण अस्पी इंजिनियर तिकडून इकडे. इजिप्तमध्ये अबुकीर येथे अस्पी स्पार्क प्लग नसल्यामुळे अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जास्तीचे प्लग त्यांना दिले. बक्षीस अस्पींना मिळाले! पुढे हेच अस्पी आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

पुढे १९६२ साली, त्या टपालफेरीला तीस वर्षे झाली तेव्हा, जे. आर. डीं.नी जुन्या लेपर्ड मॉथमधून कराची ते मुंबई हीच वाट पुन्हा उडून दाखविली. आणि १९८२ च्या १५ ऑक्टोबरला, पन्नास वर्षांनी, पुन्हा एकदा. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, आणि लेपर्ड मॉथ जातीची विमाने बनणे थांबून पंचेचाळीस वर्षे उलटलेली. वृत्तपत्रांत कौतुक झाले ते म्हाताऱ्या वैमानिकाचे. योग्यच झाले. मी मात्र त्या विमानाचे कापड, सांधे आणि इंजिन ज्यांनी तपासले त्यांचा विचार करते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एकट्याने समुद्रकाठावरून जाऊ देताना त्या हातांना रात्री झोप लागली असेल का?

कुणी म्हणेल, हे टाटांचे चोचले. आपला काय संबंध? खर्चाची गोष्ट खरी आहे, मी नाकारीत नाही. पण कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर, जिथे आपण पापड वाळत घालतो, तिथे सहा आसनांचे विमान बांधले. जुने नव्हे, अगदी नवेच. २०१६ साली ते वांद्र्याच्या प्रदर्शनात ठेवले होते. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडले आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली.

आपल्या देशाची अशी स्वतःची विमानेही आहेत. डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी माणसाच्या हाताखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे, कापड मढविलेले विमान तयार झाले. १९५८ साली ते प्रथम उडाले, आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून कितीतरी मुले त्यावर शिकली. आता जी पुष्पके कोपऱ्यात धूळ खात असतील त्यांचे सांगाडे पुन्हा मढवायचे तर कोण मढवील? आपल्या हवाई दलाला आपली जुनी टायगर मॉथ उडती करावयाची झाली, तेव्हा ती विलायतेस पाठवून तिथल्या कारागिरांकडून दुरुस्त करून आणावी लागली. २०१२ च्या हवाई दल दिनी ती हिंडनला उडाली. मला आनंद झाला आणि वाईटही वाटले. सुई, दोरा, कापड, सरस! यात इथे न मिळणारे काय होते? शिकलेला हात, एवढेच. विमान-देखभालीचे रीतसर अभ्यासक्रम आपल्याकडे आहेत, आणि मुलींना तिथे मज्जाव नाही. आपल्या भागातल्या कारखान्यांतून मुली लेथवर उभ्या राहतात, मग ह्या कामाला का नकोत?

शेवटी एक हकीकत सांगते. १५ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईच्या आरोही पंडित या तरुणीने जे. आर. डीं.ची वाट पुन्हा धरली. कराचीहून निघणे आता शक्य नव्हते म्हणून ती भुजहून, एका छोट्या आधुनिक विमानातून, अहमदाबादमार्गे जुहूस उतरली. निघाली ती भुजच्या धावपट्टीवरून. १९७१ च्या युद्धात बाँबने उखडलेली ही धावपट्टी माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी तीन दिवसांत दुरुस्त केली होती.

माझे बोलणे लांबले. मागच्या टेबलावर बांबूच्या कामट्यांची एक फासळी करून तिच्यावर मांजरपाट ताणून ठेवले आहे. अर्ध्या फासळीला टाके घातलेले आहेत, अर्धी मोकळी आहे. जिला ती गाठ शिकावयाची असेल तिने मंगळवारी दुपारी तीन वाजता वर्गात यावे. मेण लावलेला दोरा मी देईन. लांब सुई मात्र प्रत्येकीने घरून आणावी.