मज्जातंतूंची रसद



ज्या नगरीत, बेगमपेठेतील एका लहानशा इस्पितळात, हुसेनखान नामक रुग्णाला चावणाऱ्या दर डासामागे एक आणा मोबदला देऊन रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे जंतू पाहिले, त्या सिकंदराबादेत स्वागतसमितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

आजचा विषय नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे मज्जातंतूंना वाढविणारे प्रथिन, हा आहे. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी विद्यापीठ पारखे झाल्यावर निजण्याच्या खोलीतच कोंबडीचे गर्भ न्याहाळीत बसलेल्या रीता लेवी-मोंताल्चिनी पुढे सेंट लुईसला गेल्या आणि स्टॅन्ली कोहेन यांच्यासह उंदराच्या अर्बुदातील या द्रव्याच्या मागावर लागल्या. त्यात न्यूक्लिइक आम्ल कार्यकारी आहे काय, हे पडताळण्यासाठी ते आम्ल तोडणारे सर्पविष अर्कात मिसळले, तो वाढ खुंटण्याऐवजी मज्जातंतू चहूकडे फोफावले. विषातच ते द्रव्य अर्बुदाहून कितीतरी विपुल होते! सापाची विषग्रंथी ही मूळची लालाग्रंथीच, हे ध्यानी घेऊन कोहेन उंदराच्या लालाग्रंथीकडे वळले आणि तेथे त्यांना भांडारच गवसले. याहून सुंदर तर्कमालिका मला ठाऊक नाही. १९८६ चे नोबेल पारितोषिक उभयतांना मिळाले.

या प्रथिनाच्या दोन समान साखळ्या, प्रत्येकी ११८ अमिनो आम्लांच्या, एकमेकींना बिलगून असतात. प्रत्येकीतील तीन गंधकबंधांपैकी दोहोंनी सांधलेल्या कड्यातून तिसरा आरपार गेल्यामुळे जी गाठ बसते, तिचे दर्शन १९९१ साली स्फटिकाच्या क्ष-किरण-परीक्षणातून घडले.

छावणीच्या या शहरात रसद ठाण्याहून आघाडीकडे जाते. शरीरात मात्र त्वचा व इतर अवयव हे प्रथिन स्रवतात, मज्जातंतूचे टोक ते ग्राहकासह (रिसेप्टरसह) आत घेते आणि लांबच्या पेशीकायेकडे पोहोचविते. गर्भावस्थेत या प्रथिनावर विसंबलेल्या ज्या मज्जापेशीला ही रसद लाभत नाही, ती मरते.

दुखापतीच्या जागी हेच प्रथिन वाढून वेदना तीव्र करते, आणि ज्या बालकात त्याचा ग्राहक जन्मतःच निकामी असतो, त्याला चटका बसला तरी कळत नाही. म्हणून संधिवाताच्या वेदनेवर या प्रथिनाला रोखणारी प्रतिपिंडे योजण्यात आली, वेदना शमलीही, परंतु काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजल्याचे आढळले. या पेचाचा ऊहापोह येथे मोकळेपणाने व्हावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. संमेलनाची सूत्रे हाती घेण्याची विनंती मी अध्यक्षमहाराजांना करतो.