कासरा हाती आला त्या वर्षी

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव, कर्ज, वीजबिल यांवर आपण प्रत्येक मेळाव्यात बोलतो. आजही दुपारी बोलणार आहोत. त्याआधी आम्हाला एका अशा प्रश्नावर बोलायचे आहे, जो कोणत्याच ठरावात येत नाही. घरातला कर्ता बदलतो, तेव्हा शेतीचे काय होते?

बाप जातो. भावाभावांत वाटणी होते. शहरातली नोकरी सुटली म्हणून पोरगा गावी परततो. नवरा गेलेली बाई वारसाच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालते. कासरा हाती आलेला असतो, पण हात थरथरत असतो.

त्या वर्षी जो तो एकच सांगतो, "यंदा नवीन काही करू नका. होते तसे चालू द्या." सल्ला मायेचा असतो. पण जरा हिशेब मांडा. बारा एकरांची वाटणी होऊन चार एकर राहिले. बैलजोडी थोरल्याकडे गेली, विहीर धाकट्याकडे. मग "होते तसे" उरले कुठे? ती पद्धत बारा एकरांची होती, सहा माणसांच्या हातांची होती. तीच चार एकरांवर आणि दोन हातांवर रेटणे, यातही मोठा धोका आहे. फरक इतकाच, की तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याबद्दल गाव नावे ठेवत नाही.

दुसऱ्या बाजूने दुकानदार येतो. "सगळे रान नव्या बियाण्याखाली घाला, उधार देतो." हेही धाडस नाही, हा जुगार आहे. जुगारी माणूस किती मिळेल ते बघतो. शेतकऱ्याने आधी बघायचे ते हे, की किती बुडाले तरी चूल पेटती राहील.

आपल्या वाडवडिलांना हे कळत होते. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला. आज जुने म्हणून आपण ज्याला नमस्कार करतो, ते त्या काळात नवेच होते. संकरित ज्वारीला उतारा चांगला होता, पण दाणे भरताना पाऊस लागला की कणीस काळे पडायचे आणि कडबाही कमी. तेव्हा शहाण्या शेतकऱ्याने काय केले? विकायला संकरित पेरली. भाकरीला आणि बैलाला गावरान ठेवली. पिढीजात शहाणपण म्हणतात ते हेच.

कृषी महाविद्यालयात आम्हाला पहिला धडा शिकवला, तो असा: शेजारी तुलनेचा पट्टा नसेल तर त्याला प्रयोग म्हणू नये. तो धडा महाविद्यालयातच राहिला, बांधावर आलाच नाही. तो आज बांधावर नेऊ या.

समजा, चार एकर कोरडवाहू रान आहे आणि दाट कापूस लावून पाहायचा आहे. तीन बाय तीन फुटांवर एकरी ४,८४० झाडे बसतात. तीन बाय अर्ध्या फुटावर २९,०४०, म्हणजे सहापट. हलक्या रानात झाड पसरत नाही, मधली जागा रिकामी जाते, म्हणून तिथे दाट लागवडीला अर्थ आहे. भारी काळ्या रानात पाऊस चांगला झाला तर तीच झाडे एकमेकांत घुसतात, फवारा आत पोचत नाही. शिवाय सहापट झाडे म्हणजे बियाण्याचा खर्चही त्याच हिशेबाने. म्हणून हलक्या रानातला अर्धाच एकर घ्या. शेजारचा अर्धा एकर नेहमीच्या पद्धतीने लावा. पेरणी एकाच दिवशी. दोन्हींची वेचणी वेगळी मोजा. बियाणे, फवारणी, वेचणीची मजुरी वहीत मांडा. आणि एका वर्षाच्या पावसावर निकाल देऊ नका. दोन हंगाम तरी पाहा.

उरलेल्या रानात घरची ज्वारी आणि कापसातली तूर यांना हात लावू नका. प्रयोगासाठी कर्ज काढू नका.

जीवावर बेतेल असे काही करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची बोंडे पोखरली. ज्या बियाण्याला २००२ साली परवानगी मिळाली आणि ज्याने अळीपासून सुटका केली, तेही पंधरा वर्षांत थकले. फरदड ठेवून आपणही अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवू घातले. नवे कायम नवे राहत नाही. म्हणून अर्ध्या एकराचा पट्टा दर साल हवा.

आता मायबहिणींचे. १९८६ साली चांदवडला लाखांनी बाया जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत हजारो घरांनी सात-बारावर बाईचे नाव चढवले. तरीही नवरा गेला की गाव विचारतेच, "ही काय शेती करणार?" पेरणी तिने केली, निंदण तिने केले, वेचणी तिने केली. कोणत्या तासात बोंड लवकर फुटते हे घरात तिलाच ठाऊक असते. तिला ठाऊक नसतो तो बँकेचा कागद आणि दुकानदाराची उधारीची वही, कारण ते तिला कधी दाखवलेच नाही. तिला धीर लागतो तो रानात नाही, टेबलासमोर. तिथे गावशाखेतल्या दोघांनी तिच्या शेजारी उभे राहायचे. नोंद होईपर्यंत उभे राहायचे. मात्र काय पेरायचे, हे तिच्या वतीने ठरवायचे नाही.

लोक हसतील, ही भीती खरी आहे. चार एकर फसले तर घर बसते. अर्धा एकर फसला तर चार दिवस गाव हसते, आणि तेवढे सोसता येते.

म्हणून आमची विनंती एवढीच. ज्याच्या किंवा जिच्या हाती यंदा कासरा आला आहे, त्यांनी आज गावशाखेकडे नाव द्यावे. अर्धा एकर नव्याचा, अर्धा तुलनेचा आणि एक वही. पुढच्या मेळाव्यात त्या वह्या इथे मोठ्याने वाचू. ज्याचे साधले त्याने यावे. ज्याचे फसले त्याने तर आधी यावे. त्याच्या एका वहीने इतर शंभर जणांचे रान वाचेल.