वडिलोपार्जित संपत्ती आणि श्रावकाचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



या मंगल प्रसंगी वडिलोपार्जित संपत्तीविषयी चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्तांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आपल्या धर्माने गृहस्थास धन मिळविण्याची मनाई केलेली नाही. ते न्यायाने मिळवावे, परिग्रह-परिमाण व्रताने त्यास मर्यादा घालावी आणि सत्कार्यी लावावे, एवढीच अपेक्षा आहे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ साली गजपंथ येथे जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापून तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले आणि १९४४ साली सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती संघास अर्पण केली. त्यांच्या परिचयात या संपत्तीस ‘न्यायोपार्जित’ म्हटले आहे. हा शब्द मला दानाच्या रकमेहून मोठा वाटतो.

आपल्या घरातील संपत्ती न्यायोपार्जित आहे काय, याची खरी कसोटी वाटणीच्या वेळी लागते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता वारल्यास त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली व आई यांचा समान वाटा असतो. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने विवाहित मुलीसही मुलाइतकाच हक्क दिला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो हक्क जन्मसिद्धच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला.

असे असूनही राखीपौर्णिमेस माहेरी आलेल्या बहिणीपुढे काही घरांत हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा त्याग होय. परंतु संकोचाने घेतलेली सही कायद्यास चालली, तरी अचौर्य अणुव्रतास चालेल काय? मनापासून न दिलेले घेणे यासच आपण अदत्तादान म्हणतो. अशा धनातून मंदिरास देणगी दिली, संगमरवरी पाटीवर नाव कोरले, तरी ते दान न्यायोपार्जित ठरत नाही.

स्त्रीचा हक्क आपणांस परकाही नाही. पिंडदानाची कल्पना आपल्या धर्मात नसल्याने पुत्राविना गती नाही असे आपण मानत नाही. निपुत्रिक विधवेस पतीच्या मिळकतीची पूर्ण मालकी देणारी जैन परंपरा बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ साली आपल्या ‘जैन लॉ’ या ग्रंथात मांडली होती.

म्हणून ज्येष्ठांना माझी विनंती आहे, की मुला-मुलींना एकत्र बसवून हयातीतच व्यवस्था लिहून ठेवावी. मृत्युपत्रास दोन साक्षीदार आवश्यक असतात. नोंदणी सक्तीची नसली तरी हितावह असते. ताग्यास कात्री लावण्यापूर्वी आम्ही माप घेतो. चुकीचा कापलेला तागा पुन्हा जोडता येत नाही. भावंडांच्या मनांचेही तसेच आहे.

या ट्रस्टचे विश्वस्त समाजाच्या ठेवीचा हिशेब चोख ठेवतात. वडिलोपार्जित संपत्तीचे आपणही विश्वस्तच आहोत. तोच चोखपणा आपल्या घराघरांत नांदो, ही जिनेंद्रचरणी प्रार्थना करून मी माझे भाषण संपवितो.

जय जिनेंद्र!