शिधा, उमेदवारी आणि सनद
(महोत्सवी समारंभातील भाषण)



शाळेत मी इतिहास शिकवतो, तेव्हा आज इतिहासच सांगणार. मात्र राजाचा नव्हे, एका गरीब कुटुंबाचा, आणि तोही दूर देशचा. जुन्या कागदांतून कुटुंबाचा माग कसा लागतो, एवढेच दाखवायचे आहे.

युद्धाने आणि १७०९ च्या भयंकर हिवाळ्याने देशोधडीला लागलेले सुमारे ३,००० जर्मन लोक इंग्रज सरकारने १७१० साली आपल्या न्यूयॉर्क वसाहतीत धाडले. हडसन नदीकाठच्या पाइन वृक्षांपासून त्यांनी आरमारासाठी डांबर काढावे आणि झालेला खर्च फेडावा, असा सरकारचा हिशेब. वाटेत शेकडो माणसे दगावली. जे पोहोचले त्यांत योहान कोनराड वाइझर हा विधुर गृहस्थ मुलांसह होता.

त्याच्या घराविषयी पहिला कागद शिध्याचा. गव्हर्नर हंटर याच्या कारकुनांनी शिधा वाटल्याच्या याद्या ठेवल्या. त्यांत कुटुंबप्रमुखाचे नाव, आणि पुढे दहा वर्षांवरील इतके, दहा वर्षांखालील इतके. मुले म्हणजे नुसते आकडे!

दुसरा कागद उमेदवारीचा. पोरकी मुले, तसेच आईबाप पोसू शकणार नाहीत अशी मुले, हंटरने कारागिरांकडे व शेतकऱ्यांकडे करारावर बांधून दिली. या यादीत मात्र मुलाचे नाव, वय, आईचे किंवा बापाचे नाव, धन्याचे नाव आणि त्याचे गाव, सारे आहे. म्हणजे पाहा, घरी राहिले ते मूल आकडा झाले, आणि घरातून नेलेल्या मुलाला नाव मिळाले. तेरा वर्षांचा योहान पेटर झेंगर, विधवा आई योहाना, धनी मुद्रक विल्यम ब्रॅडफर्ड, अशी त्यात एक नोंद आहे. गव्हर्नरवरची टीका छापल्याबद्दल १७३५ साली ज्याच्यावर खटला चालला आणि ज्युरीने ज्याला निर्दोष सोडले, तोच हा झेंगर.

वाइझरचेही दोन मुलगे, गेओर्ग फ्रीडरिश व क्रिस्टॉफ फ्रीडरिश, असेच लाँग आयलंडवर गेले. बाप त्या वेळी आजारी होता, आणि त्याच्या संमतीने हे झाले, असे त्यांचा भाऊ कोनराड याने लिहून ठेवले आहे. आजारी, कफल्लक बापाची ती संमती! अशा मुलांना बापाच्या वस्तीत शोधून उपयोग नसतो. धन्याच्या गावचे दप्तर धुंडाळावे लागते.

तिसरा कागद जमिनीचा. डांबराचा उद्योग फसला, १७१२ साली शिधा बंद झाला. तेव्हा पुष्कळ लोक स्कोहॅरीच्या खोऱ्यात गेले आणि मोहॉक लोकांच्या संमतीने शेते करू लागले. पण १७१४ साली हंटरने त्याच जमिनीची सनद दुसऱ्याच पाच भागीदारांना करून दिली. वहिवाट एकाची आणि कागद दुसऱ्याचा, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही. दाद मागण्यासाठी वाइझर १७१८ साली लंडनकडे निघाला. तिथे कर्जापायी तुरुंगात पडला, आणि जमीन काही मिळाली नाही. मग वस्ती फुटली. कोणी तेथेच पैसे मोजून राहिले, कोणी पेनसिल्व्हेनियात टुल्पेहॉकनला गेले, कोणी मोहॉक नदीच्या वरच्या अंगाला. तिथल्या १७२५ च्या बर्नेट्सफील्ड सनदेत माणशी १०० एकर लिहिलेले आहेत, आणि बायकांचीही नावे आहेत. म्हणून एका वस्तीच्या यादीतून नाव गळाले की माणूस वारला असे समजू नये. पुढच्या खोऱ्याची सनद पाहावी.

कोनराड मोहॉकांत राहून त्यांची भाषा शिकला होता. १७२९ साली तो टुल्पेहॉकनला आला आणि पुढे वसाहत सरकारचा दुभाषी म्हणून नावाजला. त्याच्या मुलीचा मुलगा फ्रेडरिक म्यूलनबर्ग १७८९ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती झाला. शिध्याच्या यादीतल्या आकड्याचा हा नातू!

आता विश्वस्तांना एक विनंती. आपल्या कपाटात मदत घेतलेल्या मुलांच्या जुन्या वह्या आहेत, आणि काही पाने वाळवीने खाल्ली आहेत. महोत्सवाच्या सफाईत त्या रद्दीत जाऊ नयेत. शाळेतली दोन मुले व मी, सुटीत बसून त्यांची नक्कल करून देऊ. आणि यंदा अर्जाचा नवा नमुना छापणार आहात, त्यात आईच्या नावाचा रकाना ठेवावा.