फोटोला हार घालायचा की नाही?

(प्रभागसंघाच्या डिसेंबर महिन्याच्या सभेतील भाषण)



१६ डिसेंबरला शाळेत विजय दिवस होतो. १९७१ ची लढाई आपण जिंकली, पाकिस्तानचे ९३ हजार कैदी धरले, हे पोरांना पाठ असतं. मी बोलणार आहे त्या लढाईत नवरा हरवलेल्या एका बाईबद्दल.

दमयंती तांबे. बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेली. नवरा विजय तांबे हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. ५ डिसेंबर १९७१ ला ते शोरकोटच्या विमानतळावर हल्ल्याला गेले आणि त्यांचं विमान पडलं. गेले म्हणावं, तर मृतदेह नाही. त्यात ढाक्याच्या एका इंग्रजी पेपरात पकडलेल्या वैमानिकांची नावं आली, त्यात एक नाव 'टॉम्बे'. आता सांगा, हे वाचून कोणती बाई कुंकू पुसेल?

१९७२ ला शिमला करार झाला, पुढं कैदी परत आले. तांबे आले नाहीत. असे ५४ जण बेपत्ता. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडं कोणी नाही. दमयंतीताईंनी दिल्लीत नोकरी केली, दुसरं लग्न केलं नाही, इतर घरांतल्या लोकांबरोबर सरकारदरबारी खेटे घातले. २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग बघून आले, त्यात त्याही होत्या. माणूस काही सापडला नाही.

काहीजणी म्हणतील, किती वर्षं वाट बघायची? मला वाटतं, ते तिचं तिनं ठरवावं. श्राद्धाची तिथी कोणती, फोटोला हार घालायचा की नाही, हे गल्लीनं ठरवायचं काम नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथा बंद करा म्हणून मोहीम चालवली, २०२२ ला कोल्हापूरच्या हेरवाडनं ठराव केला. पण जिला सधवाही म्हणत नाहीत नि विधवाही नाही, तिला हळदीकुंकवाला बोलवायचं का, यावर आपल्या बायका अजून कुजबुजतातच!

लढाईवरच कशाला, उसतोडीला, ट्रकवर गेलेला माणूसही कधी परत येत नाही. अशा बाईनं पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद करून तिची प्रत जपून ठेवावी. सात वर्षं घरच्यांना काहीच खबर नसेल, तर कोर्ट त्याला मृत धरू शकतं. वारसनोंदीला, बँकेला तो कागद लागतो. पण कोर्टात जायचं की नाही, कधी जायचं, हे तिला विचारा. तिच्या दिराला नाही.

आपल्या ग्रामसंघात अशी कोणी असेल तर या संक्रांतीला तिला पहिलं बोलावणं धाडा. आणि आली, की आधी तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन विचारा, तो कसा होता ते. तिला बोलू द्या.